मावशी, पोट सैल सोडा

बदलापूरला आमच्या वरच्या मजल्यावर राहणारी मुलगी एमबीबीएसच्या शेवटच्या वर्षाला आहे. तिची प्रॅक्टिकल परीक्षा जवळ आली की तिची आई आणि मी, आम्हाला नवीन काम लागतं. पेशंट व्हायचं! दिवाणावर आडवं पडायचं आणि तिला यकृताची कड सापडेपर्यंत श्वास आत-बाहेर करत राहायचं. "काकू, पोट सैल सोडा ना!" या वयात आणखी किती सैल सोडणार बाई?

ही परीक्षा लेखी पेपरसारखी नसते. वॉर्डातला खराखुरा पेशंट हीच प्रश्नपत्रिका. 'लाँग केस' म्हणजे एका पेशंटजवळ साधारण अर्धा-पाऊण तास. त्या वेळात हकीकत विचारायची, तपासायचं, निदान ठरवायचं. मग परीक्षक येतात आणि खाटेपाशीच उलटतपासणी घेतात. म्हणून ही मुलं महिनोन्महिने वॉर्डात खाटेमागून खाट फिरतात. एकीने केस मांडायची, दुसरीने परीक्षक होऊन खोड काढायची. ही आमची मुलगी तर लोकलच्या लेडीज डब्यातही पुटपुटत असते. शेजारची बाई तेवढ्यात आपलं गुडघ्याचं दुखणं सांगून घेते, ते वेगळंच.

पण खरा अवघड पेपर म्हणजे आपली बोली. कुठली बाई पुस्तकातले शब्द वापरते? ती 'अंगावरून पांढरं जातं' म्हणते, नाहीतर नुसतंच 'कसंतरी होतं'. शेवटची पाळी कधी आली विचारलं तर 'गणपती बसायच्या दोन दिवस आधी' हे उत्तर. मग विद्यार्थिनीने कालनिर्णय आठवायचं, तारीख काढायची, त्यात नऊ महिने सात दिवस मिळवून बाळंतपणाचा दिवस सांगायचा. उल्हासनगरात आणखी एक. थॅलेसेमियाचे वाहक सिंधी समाजात तुलनेने जास्त. फिकट पडलेलं, प्लीहा वाढलेलं मूल समोर आलं की आईवडिलांचा समाज कोणता, लग्न नात्यात झालं का, किती दिवसांनी रक्त चढवावं लागतं, हे सगळं विचारावंच लागतं. आई आणि वडील दोघंही वाहक असतील तर प्रत्येक गरोदरपणात चारात एक शक्यता मुलाला आजार होण्याची. दोघंही, हं. पण घरात बोल लागतो एकट्या आईला. तिला आणखी न दुखवता हे विचारायचं कसं?

एकदा ही मुलगी खुशीत घरी आली. "काकू, आज मस्त केस मिळाली! स्तनातली गाठ. अगदी पुस्तकासारखी!" माझ्या घशाखाली घास उतरेना. त्या बाईचं नाव काय, विचारलं. तिला आठवेना. खाटेचा नंबर मात्र आठवत होता.

मी चिडले खरी, पण राग सगळा तिच्यावर नव्हता. धाकट्याच्या वेळी मी एका दवाखान्यात अशीच 'केस' होते. सात-आठ जणं खाटेभोवती उभी. चादर कुणी बाजूला केली कळलंही नाही. इंग्रजीत काहीतरी बोलणं झालं, एक जण हसला, सगळे पुढच्या खाटेकडे गेले. माझ्या बाळाबद्दल बोलले की आणखी कशाबद्दल, ते मला आजतागायत माहीत नाही.

हे ऐकून ती म्हणाली, "मग आम्ही शिकायचं कुणावर?"

प्रश्न बरोबर आहे. तपासायला बाई डॉक्टर हवी, हा आपला हट्ट जुनाच. कल्याणच्या आनंदीबाई जोशी त्यासाठीच अमेरिकेला गेल्या आणि 1886 मध्ये डॉक्टर झाल्या. आता अंबरनाथलाच 2024 मध्ये शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झालं, 100 जागांचं. आपल्या लेकीबाळी तिथे शिकाव्यात असं वाटत असेल, तर कुणीतरी खाटेवर 'हो' म्हणायला हवं. मी तर म्हणेन, जमेल तिने म्हणावं. पण विचारल्यावर! 'नाही' म्हटल्याने आपला उपचाराचा हक्क जात नाही. पुरुषाने तपासताना सोबत एखादी बाई असावी, हे रुग्णहक्कांच्या सनदेतच आहे. पेशंटशी कसं बोलावं-वागावं हा विषय 2019 पासून एमबीबीएसच्या अभ्यासक्रमात आहे. परीक्षेच्या घाईत पहिल्यांदा तोच गळतो, असं मला वाटतं. पडदा ओढायला, नाव विचारायला, 'तपासू का?' म्हणायला मिनिटभर लागतं. मैत्रिणी हिला म्हणतात, त्या मिनिटात आमचे चार प्रश्न विचारून होतात.

मागच्या महिन्यात तिने एका गरोदर बाईजवळ ते मिनिट घालवलं. आधी नाव विचारलं. पडदा ओढला. उशाशी बसलेल्या सासूबाईंना गोड बोलून चहाला पाठवलं. मग ती बाई हळूच म्हणाली, "ताई, लग्नानंतर सहा महिन्यांनी एक पाडलं होतं. घरात माहीत नाही. कागदावर लिहू नका."

केसपेपरवर 'पहिलटकरीण' लिहिलेलं होतं. तिथे काय लिहायचं आणि बाईंना दिलेला शब्द कसा राखायचा, हे विचारायला ती मॅडमकडे गेली. त्या दिवशी तिची केस मांडायची राहिलीच.