नुसती बाही तर बदलायचीये!

आमच्या धंद्यात 'छोटासा चेंज' हे दोन शब्द सगळ्यात महागडे. क्लायंट म्हणाला, "फक्त हे बटण इकडून तिकडे," की आपण इम्पॅक्ट अ‍ॅनालिसिस करतो, एस्टिमेट देतो, चेंज रिक्वेस्टचे वेगळे पैसे लावतो. आणि तेच आपण शनिवारी ब्लाऊज शिवणाऱ्या काकूंना म्हणतो, "काकू, सगळं मागच्यासारखंच, नुसती बाही बदलायचीये. त्याचे कसले एवढे पैसे?"

मला हे जाम खटकतं. एक तर माझी आई घरी शिवणकाम करते, आणि आता वीकेंडला मीही तिच्या मशीनवर बसायला लागलेय. त्यामुळे 'नुसती बाही' म्हणजे काय ते कागदावर बघितलंय. तुम्हीही बघा.

बाही ही स्वतंत्र वस्तू नाहीच मुळी. ती मुंढ्याला जोडायची असते. बाहीचा वरचा गोलावा आणि मुंढ्याचा घेर यांचं गणित जुळलेलं असतं. न ताणणाऱ्या कापडात गोलावा मुंढ्यापेक्षा साधारण २-३ सेंटिमीटर जास्तच ठेवतात, म्हणजे खांद्याच्या गोलाईवर बाही नीट बसते. शिवाय पुढची बाजू मागच्यापेक्षा जास्त खोल कापलेली असते, म्हणून डाव्या बाजूची बाही उजवीकडे चालत नाही. आपल्या भाषेत सांगायचं तर मुंढा म्हणजे इंटरफेस. आता प्रश्न एवढाच, की तुमचा चेंज त्या इंटरफेसला हात लावतो की नाही?

सगळ्यात सोपी घंटेसारखी बाही, म्हणजे बेल स्लीव्ह. साध्या बाहीच्या पेपर कटिंगची कॉपी काढायची (मूळ कागदाला कात्री लावायची नाही, बॅकअप हवाच!). तिच्यावर उभ्या रेघा आखायच्या, खालून वर कापत जायचं आणि वरच्या टोकाला जरासा कागद न कापता ठेवायचा. मग पट्ट्या खालून पंख्यासारख्या पसरायच्या. खालचा घेर वाढला, वरचा गोलावा होता तेवढाच राहिला. मुंढ्याला पत्ताही लागत नाही. कापड थोडं जास्त लागतं, बस्स.

फुग्याची बाही याच्या बरोब्बर उलटी. इथे वरून कापत खाली यायचं आणि बिजागरी खाली ठेवायची. पाच ठिकाणी कापून प्रत्येक फट वर २ सेंटिमीटर उघडली, की गोलावा १० सेंटिमीटरनं वाढला. पण मुंढा तर तेवढाच! मग ते १० सेंटिमीटर चुण्यांमध्ये जिरवायचे. चुण्या वरच्या भागातच घ्यायच्या, काखेत आल्या तर टोचतात. फुगा उभा राहावा म्हणून माथा २-३ सेंटिमीटर उंच करायचा. आणि गंमत म्हणजे एवढं करून खांदा आधीइतकाच रुंद ठेवला, तर फुगा खांद्यावर न बसता दंडावर ओघळतो. म्हणून खांदासुद्धा सेंटिमीटरभर आत घ्यावा लागतो. बाही बदलायला निघालो आणि अंगाचं कटिंग बदलून बसलो. हा तुमचा छोटासा चेंज!

रॅग्लन बाहीत तर मुंढा राहतच नाही. ही बाही थेट गळ्यापर्यंत जाते. पुढच्या आणि मागच्या भागाचा खांद्याकडचा तुकडा कापून बाहीच्या कागदाला जोडायचा, आणि खांद्याच्या वळणासाठी तिथे टक घ्यायचा. १८१५ साली वॉटर्लूच्या लढाईत उजवा हात गमावलेल्या लॉर्ड रॅग्लनवरून हे नाव आलं. म्हणायला बाही, पण हे अख्खं री-डिझाइन आहे.

आणि हे सगळं कापड कापायच्या आधीचं बरं का. शिवून झालेल्या ब्लाऊजवर "आता फुगा करून द्या" म्हणणाऱ्यांना तर हात जोडावेत. शिवणीच्या आत जे जास्तीचं कापड सोडतात त्याला शिवणकामात 'माया' म्हणतात. काय गोड शब्द आहे! पण ती माया दोन-तीन सेंटिमीटरचीच असते, तिच्यातून १० सेंटिमीटरचा फुगा निघत नाही. ती बाही उसवून नवीनच कापावी लागते.

काही जण म्हणतील, काकूंना सवय असते, त्यांचं दहा मिनिटांत होतं. होत असेलही. आपलाही बग कधीकधी दहा मिनिटांत सुटतो, म्हणून आपण दहा मिनिटांचाच पगार घेतो का? ती दहा मिनिटं यायला वर्षं गेलेली असतात. आपल्याला ते कळतं, फक्त समोर लॅपटॉपऐवजी शिलाई मशीन असलं की आपण सोयीस्करपणे विसरतो.

तेव्हा मंडळी, मोबाईलवर फोटो दाखवून "अशी बाही" म्हणायच्या आधी एकच विचारा, "यात मुंढा बदलावा लागेल का?" उत्तर 'हो' आलं, तर सांगतील ते पैसे गुपचूप द्या. नाहीतर एक जुनं वर्तमानपत्र घ्या, एक पेपर कटिंग घ्या आणि एका रविवारी स्वतः करून बघा. सोमवारी घासाघीस करायची इच्छा उरली, तर मला सांगा.