उतारा तपासतो, मग यकृत का नको?



ऊस कितीही जोमदार दिसला तरी नुसत्या दिसण्यावर उतारा ठरत नाही, रस तपासावा लागतो. हे आपल्याला कोणी शिकवायला नको. मग घरातल्या बाईच्या तब्येतीबाबत आपण नुसत्या नजरेवर का विसंबतो? ती अंगाने भरली की 'खात्यापित्या घरची' म्हणून कौतुक, आणि थकवा येतो म्हणाली की 'वय झालं आता' म्हणून बोळवण!

यकृताचे दुखणे म्हटले की आपल्याला दारूच आठवते. पण दारूचा थेंबही न घेणाऱ्या बाईच्या यकृतात चरबी साठते. बहुधा दुखत नाही, खुपत नाही. यकृताच्या पेशींना इजा झाली की एसजीपीटी नावाचे विकर, म्हणजे एन्झाइम, रक्तात वाढते. साध्या रक्ततपासणीत ते कळते. पुष्कळ प्रयोगशाळा चाळीसच्या आसपास मर्यादा छापतात. अमेरिकेतील पोटविकारतज्ज्ञांच्या संस्थेने मात्र २०१७ साली बायकांसाठी निरोगी पातळीची वरची मर्यादा १९ ते २५ सांगितली. शिवाय आकडा ठीक आला म्हणून चरबी नाहीच, असेही नव्हे. म्हणून सोबत रक्तदाब, रक्तातील साखर व चरबी आणि कमरेचा घेर पाहावा. बायकांचा घेर ८० सेंटिमीटर, म्हणजे साडेएकतीस इंच, याच्या पुढे नसावा. पाळी थांबल्यावर तर जास्तच जपावे.

आता थोडे कडू बोलतो. साखरेवर आपली चूल पेटते, हे खरे. पण साखरेचा निम्मा भाग फ्रुक्टोज असतो आणि त्याचा बराचसा भार यकृतावरच पडतो. अति झाले की त्याची चरबी होते. गूळही याला अपवाद नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ साली वरून घातलेली साखर एकूण उष्मांकाच्या दहा टक्क्यांच्या आत, जमल्यास पाच टक्क्यांच्या, म्हणजे दिवसाला सुमारे सहा चमच्यांच्या आत ठेवण्यास सांगितले. साखर कारखान्याच्या पत्रकात हे कशाला, असे कोणी म्हणेल. आम्ही म्हणतो, सभासदाच्या घराचे भले पाहण्यासाठीच सहकार आहे.

यात घाबरण्यासारखे काही नाही. वजन सात ते दहा टक्के उतरले तर यकृताची सूजही कमी होऊ शकते. सत्तर किलोच्या बाईला हे पाच ते सात किलो होतात. मात्र उपाशी राहून नव्हे, डॉक्टरांच्या सल्ल्याने, हळूहळू.

केंद्र सरकारने २०२१ साली हा विकार राष्ट्रीय आरोग्य कार्यक्रमात घेतला. आपणही मागे का राहावे? खुरपणीला बाई लागते, पण शिबिरात नाव पुकारले जाते ते भागधारकाचे! व्यवस्थापनाने शेअर कोणाच्या नावावर आहे हे न पाहता घरातील बायकांची ही तपासणी गाळप हंगामापूर्वी, त्यांना सवडीच्या वेळी, गावोगाव करावी. येत्या वार्षिक सभेत सभासदांनीच हा विषय मांडावा, अशी आमची आग्रहाची विनंती आहे.