समजून घ्या : आयसीयूतले हात मोजायचे कसे, आणि आकडा दाखवायचा कुणाला?

डॉक्टर किंवा नर्स रुग्णाच्या खोलीत शिरली की दारावरचा सेन्सर सुरू होणार. बेसिन आणि सॅनिटायझरवर रोखलेला कॅमेरा चित्रण करणार. ते चित्रण हजारो किलोमीटर दूर, भारतात बसलेली माणसं पाहणार. बघायचं एकच, हात स्वच्छ केले की नाही.

न्यूयॉर्कजवळच्या लाँग आयलंडवरील नॉर्थ शोअर युनिव्हर्सिटी हॉस्पिटलने २००८ मध्ये आपल्या १७ खाटांच्या अतिदक्षता विभागात ही व्यवस्था बसवली. पहिले १६ आठवडे फक्त मोजणी झाली, कर्मचाऱ्यांना आकडे दाखवले नाहीत. खोलीत जाता-येताना हात स्वच्छ करण्याचं प्रमाण निघालं ६.५ टक्के. म्हणजे शंभरातले सहा-सात.

मग विभागाच्या मार्गिकेत एक इलेक्ट्रॉनिक फलक लागला. सध्याच्या पाळीचा आकडा त्यावर दिवसभर बदलत राहायचा. पुढच्या १६ आठवड्यांत प्रमाण ८१.६ टक्क्यांवर गेलं आणि त्यानंतरच्या ७५ आठवड्यांत ८७.९ टक्के राहिलं. हा अभ्यास २०१२ मध्ये प्रसिद्ध झाला.

कॅमेरा दोन्ही वेळी होता. बदल घडला तो फलक लागल्यावर. आपल्याकडे 'निगराणी' म्हटलं की सीसीटीव्ही आणि कारणे दाखवा नोटीस एवढंच डोळ्यासमोर येतं, म्हणून हा फरक आधीच सांगितला.

तेल्हाऱ्याचा याच्याशी काय संबंध?

तेल्हाऱ्यात ग्रामीण रुग्णालय आहे. पण व्हेंटिलेटरची वेळ आली की गाडी अकोल्याकडे निघते, सर्वोपचार रुग्णालयाकडे नाहीतर एखाद्या खासगी आयसीयूकडे. तिथं नातलगांना काचेतून मॉनिटर दिसतो, रोज औषधांची चिठ्ठी हातात पडते. आणि चौथ्या-पाचव्या दिवशी कानावर येतं, "इन्फेक्शन वाढलंय, अँटिबायोटिक बदलावं लागेल." हे इन्फेक्शन रुग्ण घरून घेऊन आला होता की आयसीयूत लागलं, हा प्रश्न बहुतेक जण विचारत नाहीत. विचारायचा असतो, हेच माहीत नसतं.

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२ च्या अहवालानुसार श्रीमंत देशांत रुग्णालयात भरती झालेल्या दर १०० रुग्णांपैकी ७ जणांना, तर मध्यम आणि कमी उत्पन्नाच्या देशांत १५ जणांना उपचार सुरू असताना किमान एक संसर्ग होतो. असा संसर्ग झालेल्या दर १० जणांपैकी सरासरी १ दगावतो.

आयसीयूत धोका जास्त, कारण रुग्णाच्या अंगात एकाच वेळी तीन-चार नळ्या असतात. एक रक्तवाहिनीत, एक लघवीची, एक श्वासनलिकेत. प्रत्येक नळी म्हणजे शरीराच्या तटबंदीतला एक उघडा दरवाजा. जंतू तिथवर बहुतेक वेळा हातांवरूनच येतात. शेजारच्या खाटेवरून, बेडच्या कडेवरून, सलाईनच्या पंपाच्या बटणावरून.

हात नेमके कधी स्वच्छ करायचे?

संघटनेने २००९ मध्ये यासाठी 'पाच क्षण' ठरवून दिले. रुग्णाला हात लावण्याआधी, नळी किंवा सुई यांसारखं निर्जंतुक काम करण्याआधी, रक्त-लघवी-थुंकीचा संपर्क आल्यावर, रुग्णाला हात लावून झाल्यावर, आणि रुग्णाच्या आजूबाजूच्या वस्तूंना हात लावल्यावर. निसटतो तो बऱ्याचदा शेवटचा. रुग्णाला स्पर्शच केला नाही, फक्त मॉनिटरचा अलार्म बंद केला, मग हात कशाला धुवायचे, असं वाटतं. ग्लोव्हजही फसवतात. ते घातले की हात स्वच्छच आहेत असं वाटतं, आणि त्याच ग्लोव्हजनी माणूस दुसऱ्या खाटेपाशी पोहोचतो.

आता थोडं गणित. आयसीयूतल्या नर्सला तासाला सरासरी २० वेळा हात स्वच्छ करण्याची वेळ येते, असं याच मार्गदर्शक सूचनांत नोंदवलं आहे. साबण-पाण्याने नीट हात धुवायला ४० ते ६० सेकंद लागतात. वीस वेळा धरले तर तासातली १३ ते २० मिनिटं नुसती बेसिनपाशी. अल्कोहोलयुक्त द्रावण चोळायला २० ते ३० सेकंद पुरतात, म्हणजे तासाला ७ ते १० मिनिटं. एका सिस्टरकडे जितक्या जास्त खाटा, तितका हा हिशेब कोलमडतो. हात न धुण्यामागे दरवेळी आळसच असतो असं मानणाऱ्यांनी हे गणित एकदा स्वतः करून पाहावं.

आपल्या भागात आणखी एक अडचण आहे. पूर्णेच्या खोऱ्यातल्या खारपाणपट्ट्यात बोअरच्या पाण्यात साबणाला फेस येत नाही, हे तेल्हारा-अकोटच्या माणसाला सांगायची गरज नाही. वान धरणाचं गोडं पाणी '८४ खेडी' योजनेतून येतं म्हणून इथं निभावतं. त्यामुळे प्रत्येक खाटेच्या पायथ्याशी द्रावणाची बाटली असणं ही चैन नाही. हात डोळ्यांना दिसतील असे मळलेले असतील तर मात्र साबण-पाणीच हवं. काही जुलाबाच्या जंतूंचे बीजाणू अल्कोहोलला दाद देत नाहीत, तिथंही तेच.

द्रावण खाटेशी आणल्याने काय होतं, ते जिनिव्हाच्या विद्यापीठ रुग्णालयात दिसलं. डॉ. दिदिए पिते यांच्या चमूने तिथं बाटल्या खाटेजवळ ठेवल्या, कर्मचाऱ्यांच्या सहभागातून तयार झालेली पोस्टर्स भिंतीवर लावली आणि ठरावीक काळाने मोजणी करून आकडे सर्वांना कळवले. १९९४ मध्ये ४८ टक्के असलेलं प्रमाण १९९७ मध्ये ६६ टक्के झालं. त्याच काळात रुग्णालयातल्या संसर्गाचं प्रमाण १६.९ वरून ९.९ टक्क्यांवर आलं. यात जादू कुठलीच नव्हती. ६६ म्हणजे फर्स्ट क्लासही जेमतेम.

तपासणीच्या दिवशी सगळं चांगलंच दिसतं, मग?

हा सगळ्यात अवघड भाग. टोरांटोमध्ये संशोधकांनी सॅनिटायझरच्या डिस्पेन्सरलाच मोजणीयंत्र लावलं आणि तपासनीस समोर असताना व नसताना काय फरक पडतो ते पाहिलं. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात, तपासनीस नजरेच्या टप्प्यात असताना वापर जवळपास तिप्पट निघाला.

आपल्याला हे नवं नाही. संत गाडगेबाबांचं शेंडगाव अमरावती जिल्ह्यातलं. त्यांच्या नावानं राज्यात २०००-०१ पासून ग्रामस्वच्छता अभियान सुरू झालं आणि त्यानं गावोगावी खरोखर फरक पडला. पण समिती येण्याच्या आदल्या रात्री गाव कसं चकाचक व्हायचं, हे ज्यांनी पाहिलंय त्यांना टोरांटोचा अभ्यास वाचायची गरज नाही. बाबा स्वतः मात्र पूर्वसूचना न देता गावात शिरत आणि आधी झाडू हातात घेत.

सरकारी रुग्णालयांसाठी २०१५ पासून 'कायाकल्प' योजना आहे. तिच्या गुणांकनात संसर्ग नियंत्रण हा स्वतंत्र विषय आहे. योजना चांगलीच आहे. पण पुरस्कारासाठी ठरलेल्या दिवशी होणारी तपासणी ही तपासनिसाच्या नजरेपुरतीच राहते.

कॅमेरे आणि सेन्सर परवडत नसतील तर?

मी इंजिनीअरिंग केलेलं असल्याने सेन्सरचा मोह मलाही होतो. तरी सुरुवात स्टोअरच्या रजिस्टरपासून करावी, असंच मी म्हणेन. जागतिक आरोग्य संघटनेचा एक साधा निकष आहे : भरती रुग्णांच्या दर १,००० दिवसांमागे किमान २० लिटर द्रावण वापरलं जावं. म्हणजे एका रुग्णामागे दिवसाला २० मिलिलिटर. एका वेळी सुमारे ३ मिलिलिटर लागतं असं धरलं, तर दिवसभरात सगळ्या कर्मचाऱ्यांचे मिळून जेमतेम सात वेळा हात. १० खाटांचं आयसीयू महिनाभर भरलेलं असेल तर ३०० रुग्णदिवस होतात आणि या निकषाने ६ लिटर, म्हणजे अर्ध्या लिटरच्या १२ बाटल्या. हा निकष सगळ्या रुग्णालयासाठीचा आहे. तासाला २० वेळा हात लागणाऱ्या आयसीयूत खप याच्या कितीतरी पट हवा. रजिस्टरवर महिन्याला आठ-दहाच बाटल्या दिसत असतील, तर कॅमेरा लावायची गरजच उरत नाही.

बाटली रिकामी झाली म्हणजे योग्य क्षणीच हात चोळले, असा अर्थ अर्थातच होत नाही. भेटायला आलेले नातलगही त्यातलंच घेतात. म्हणून जोडीला माणसाची नजर हवी. तीही ठरलेल्या वेळी नको. वेगवेगळ्या पाळ्यांत, रात्रीसुद्धा, नेहमीचं काम करताकरता नोंद ठेवणारी हवी. कोणी चुकवलं ते लिहायचं नाही. किती संधी होत्या आणि किती वेळा हात स्वच्छ झाले, एवढंच लिहायचं.

नाव का नको, याचं उत्तर व्हिएन्नात आहे. इग्नाझ सेमेलवाइस यांनी १८४७ मध्ये प्रसूती विभागातल्या डॉक्टरांना क्लोरीनयुक्त पाण्याने हात धुवायला लावले. सुमारे १८ टक्क्यांवर गेलेला मातामृत्यूदर काही महिन्यांत २ टक्क्यांच्या आसपास आला. आकडे त्यांच्या बाजूने होते. पण आपल्याच हातांनी बाळंतिणी मेल्या, हे ऐकणं सहकाऱ्यांना अपमान वाटला. पुढे सेमेलवाइस यांनी विरोधकांना जाहीरपणे खुनी म्हटलं, तेव्हा उरलेले कानही बंद झाले.

आकडा पगाराशी, बदलीशी किंवा पुरस्काराशी जोडला तर तो पुढच्याच महिन्यात ९५ टक्के होईल, कागदावर. नॉर्थ शोअरच्या फलकावर पाळीचा आकडा असायचा, तो त्या पाळीत काम करणाऱ्या सगळ्यांचा मिळून. त्यात मोठे डॉक्टर आले, सिस्टर आल्या, मामा आणि मावशीही आल्या. आपल्याकडे मेमो नेमका मावशींना मिळतो आणि राउंडला आलेले सर एका खाटेवरून दुसऱ्या खाटेकडे तसेच सरकतात. हे बदलायचं तर मोजणी सरांपासून सुरू व्हायला हवी.

भारतात हे जमणार नाही, असंही नाही. एम्स आणि आयसीएमआरच्या जाळ्यात २६ रुग्णालयांतल्या ८९ आयसीयूंनी मे २०१७ ते ऑक्टोबर २०१८ या काळात आपल्याकडचे संसर्ग एकाच पद्धतीने मोजले. रक्तातले २,६२२ आणि मूत्रमार्गाचे ७३७ संसर्ग नोंदवले गेले, आणि ते जगासमोर मांडले गेले. कोणत्याही रुग्णालयाचं त्यामुळे नाक कापलं गेलं नाही. जे संसर्ग मोजू शकतात, ते हातही मोजू शकतात.

त्यामुळे मागणी सोपी आहे. अकोला-अमरावतीतल्या प्रत्येक आयसीयूने, सरकारी असो वा खासगी, दर महिन्याला दारावर दोन आकडे लावावेत : हात स्वच्छ करण्याचं प्रमाण आणि आयसीयूत लागलेल्या संसर्गांची संख्या. पहिल्या महिन्याचा आकडा वाईट असेल, असलाच पाहिजे. ज्या दारावर पहिल्याच महिन्यात ९८ टक्के लिहिलेलं दिसेल, तिथं मला जास्त काळजी वाटेल.

नातलगांनी काय करावं?

मोबाइल काढून सिस्टरचं शूटिंग करू नये. त्याने हात स्वच्छ होत नाहीत, भांडण मात्र हमखास होतं. आत जाताना आणि बाहेर येताना आधी स्वतः द्रावण चोळावं, खाटेच्या कडेवर टेकू नये, नळ्यांना हात लावू नये. खाटेजवळची बाटली रिकामी दिसली तर लगेच सांगावं. आणि विचारायचंच असेल तर, "सिस्टर, या आयसीयूत इन्फेक्शन कंट्रोल कोण बघतं? हात धुण्याची नोंद ठेवता का?" एवढं साध्या आवाजात विचारावं. नोंद ठेवणाऱ्या ठिकाणी उत्तर लगेच मिळतं.