तीन महिने कुणाला सांगू नकोस

‘तीन महिने कुणाला सांगू नकोस.’ पाळी चुकलेल्या बाईला आपल्याकडे मिळणारा हा पहिला वैद्यकीय सल्ला. डॉक्टरकडे जायच्या आधीच तो मिळतो. कारण विचारलं तर ‘दृष्ट लागते’. खरं कारण सगळ्या बायकांना ठाऊक असतं. या तीन महिन्यांत गर्भ टिकेलच असं नसतं, आणि नाही टिकला तर चारचौघांत सांगायची वेळ येऊ नये.

मला या सल्ल्याशी भांडायचं आहे. तो बाईची अब्रू राखतो असं आपण मानतो. प्रत्यक्षात ज्या दिवसांत तिला सोबत लागते, नेमक्या त्याच दिवसांत तो तिला एकटं पाडतो.

माझीच गोष्ट सांगते. माहेर मालवणचं, सासर वालावलचं, नोकरी पुण्यात. लग्नानंतरची पहिली चवथ होती, ओवसा भरायचा होता. मला सातवा आठवडा चालू होता आणि ते फक्त नवऱ्याला माहीत होतं. चवथीच्या आदल्या संध्याकाळी, पडवीत माटवी बांधायची गडबड चालू असताना, मला तपकिरी डाग दिसला. गणपती घरात यायचा आणि सुनेला रक्त जातंय, याचा आमच्याकडे एकच अर्थ होतो : बाजूला बस. खरं सांगायचं तर दोन्ही गोष्टी एकदम सांगाव्या लागणार होत्या, की दिवस गेले होते आणि बहुतेक आता नाहीत. मी गप्प बसले. दीड दिवस. नवऱ्यालाही ‘जरा कंबर दुखतेय’ एवढंच म्हणाले.

दुसऱ्या रात्री पाळीपेक्षा कितीतरी जास्त कळा आल्या, गाठी पडल्या आणि न्हाणीघरात घेरी आली. भर पावसात गाडी काढून मला कुडाळला नेलं. सोनोग्राफी झाली. गर्भ पडून गेला होता. डॉक्टरबाईंनी विचारलं, “रक्त कधीपासून जातंय?” मी खरं सांगितलं. त्या जरा थांबल्या आणि म्हणाल्या, “आणि नळीत असता तर?” म्हणजे गर्भ गर्भाशयाऐवजी बीजवाहिनीत राहिलेला असता तर. तेव्हाही सुरुवात अशीच होते, थोडं रक्त आणि थोडं दुखणं. मग एखाद्या वेळी नळी फुटते, पोटात रक्त साचतं, आणि दीड दिवस गप्प बसलेली बाई तिथेच संपू शकते.

घरी आल्यावर प्रश्न सुरू झाले. “पपय खाल्लंस काय गो?” “स्कूटरीर बसान कुडाळाक गेल्लंस, तेनाच झाला.” वाईट हेतू कुणाचाच नव्हता. त्यातल्या दोघींचं स्वतःचं कधीतरी असंच झालं होतं, हे मला त्याच आठवड्यात कळलं. त्यांनीही कुणाला सांगितलं नव्हतं. पण ‘रक्त कधी दिसलं, आणि तू तेव्हाच का नाही सांगितलंस?’ हा प्रश्न डॉक्टर सोडून एकीनंही विचारला नाही.

माझ्या कामात एखादी सिस्टिम कोसळली की आम्ही दोन वेगळे प्रश्न विचारतो. का कोसळली, आणि कोसळतेय हे आपल्याला कधी कळलं. पहिल्याचं उत्तर कधी कधी मिळतच नाही. दुसऱ्यावर मात्र काम करता येतं. गर्भपाताच्या बाबतीत आपण सगळी ताकद पहिल्या प्रश्नावर घालवतो, आणि तीही चुकीच्या उत्तरांवर.

आकडे साधे आहेत. लक्षात आलेल्या गरोदरपणांपैकी साधारण १० ते २० टक्के आपोआप गर्भपातात संपतात, आणि त्यातले सुमारे ८० टक्के पहिल्या तीन महिन्यांत. अशा सुरुवातीच्या गर्भपातांपैकी निम्म्यांच्या आसपास गर्भाच्या गुणसूत्रांतच दोष असतो. तो दोष बहुतेकदा गर्भ राहतानाच आलेला असतो. स्कूटर, जिना, पिकल्या पपईची फोड, मांडीवरचा लॅपटॉप, यांचा त्याच्याशी संबंध नाही. पडून राहिल्यानं गर्भपात थांबतो याचाही पुरावा नाही. ‘काय करू नको’ची आपली यादी लांबलचक आहे, आणि तिचा मुख्य उपयोग नंतर बाईला दोष देण्यासाठी होतो. ‘काय दिसलं तर ऊठ’ ही यादी मात्र मला कुणी दिली नव्हती.

म्हणून ती इथे लिहिते. पहिल्या तीन महिन्यांत रक्त दिसलं म्हणजे गर्भ गेलाच असं नाही. साधारण चारातल्या एकीला या काळात थोडंफार रक्त दिसतं, आणि त्यातल्या पुष्कळ जणींचं पुढे सगळं नीट होतं. पण तपकिरी असो की लाल, डॉक्टरांना त्याच दिवशी कळवायचं. डाग वाढत लाल रक्त होणं, गाठी पडणं, ओटीपोटात आणि कमरेत येऊन-जाऊन कळा, मांसासारखा तुकडा पडणं ही गर्भपात होत असल्याची नेहमीची चिन्हं. कधी यातलं काहीच होत नाही, आणि ठोके नाहीत हे सोनोग्राफीतच कळतं. मळमळ थांबली म्हणून लगेच घाबरायचं नाही, ती एरवीही थांबते. खात्री तपासणीनंच होते. तारखा मागेपुढे असू शकतात, त्यामुळे कधी आठ-पंधरा दिवसांनी पुन्हा सोनोग्राफी करावी लागते.

आणि पुढच्यापैकी एक जरी दिसलं तर सकाळची वाट बघायची नाही. तासाला दोन पॅड भिजतील असं रक्त सलग दोन तास. पोटात एका बाजूला जोराचं दुखणं. घेरी. ताप, थंडी किंवा घाण वासाचा स्राव. खांद्याच्या टोकाला दुखणं. हे शेवटचं वाचून हसू नका. पोटात साचलेलं रक्त श्वासपटलाला लागलं की दुखणं खांद्यात जाणवतं, आणि बाईला वाटतं, नारळ खोवून खांदा भरून आला. रक्तगट निगेटिव्ह असेल तर तेही डॉक्टरांना आपणहून सांगायचं, कधी कधी त्यासाठी इंजेक्शन लागतं.

ही यादी सरकारकडे नाही असं नाही. माता आणि बाल संरक्षण कार्डावर धोक्याची लक्षणं छापलेली असतात, रक्तस्राव त्यात आहे. पण कार्ड नोंदणी केल्यावर मिळतं. नोंदणी पहिल्या बारा आठवड्यांत करा, असं सरकार म्हणतं. त्याच बारा आठवड्यांत कुणाला सांगू नको, असं घर म्हणतं. घर जिंकतं. शिवाय दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यात मोफत तपासणीची जी मोहीम २०१६ पासून चालते, ती दुसऱ्या आणि तिसऱ्या तिमाहीतल्या बायकांसाठी आहे. पहिल्या तीन महिन्यांतली बाई तिथेही अजून ‘गरोदर’ झालेली नाही.

चिन्हं वेळेवर ओळखली नाहीत तर काय होतं, याचं सगळ्यात गाजलेलं उदाहरण आमच्या आंबोली घाटापलीकडच्या बेळगावचं आहे. सविता हलप्पनवार, ३१ वर्षांची दंतवैद्य, आयर्लंडमधल्या गॉलवेत राहत होती. २१ ऑक्टोबर २०१२ ला पाठदुखी घेऊन ती इस्पितळात गेली. १७ वा आठवडा होता, म्हणजे माझ्यापेक्षा बराच पुढचा. गर्भपात टळणार नाही हे दिसत होतं. तिनं गर्भ काढायची विनंती केली. ठोके चालू आहेत म्हणून ती नाकारली गेली. २८ ऑक्टोबरला जंतुसंसर्ग रक्तात पसरून ती गेली. तिथल्या कायद्याबद्दल आपण तावातावानं बोललो, आणि ते योग्यच होतं. २०१८ मध्ये आयरिश मतदारांनी ती घटनादुरुस्ती काढूनही टाकली. पण चौकशी अहवालानं आणखी एक गोष्ट ठळकपणे मांडली होती : तिच्या प्रकृतीवर पुरेसं लक्ष ठेवलं गेलं नाही, जंतुसंसर्गाची चिन्हं वेळेवर ओळखली गेली नाहीत. इस्पितळातल्या, शिकलेल्या, बोलणाऱ्या बाईचं हे झालं. न्हाणीघरात गप्प बसलेल्या बाईचं काय होत असेल?

यावर एक आक्षेप येतो आणि तो खरा आहे. आधी गावभर सांगितलं आणि मग पडलं, तर किती जणांना उत्तरं द्यायची? शिवाय प्रत्येक घर मायाळू नसतं. दिवस गेल्याचं कळलं की मुलगाच हवा म्हणून जाच सुरू करणारी घरं आहेत. म्हणून गावभर सांगा असं मी म्हणतच नाही. दोन माणसांना सांगा. एक बाई, जिला रक्त म्हटलं की किळस येत नाही, आणि एक माणूस, जो रात्री दोनला गाडी काढेल. गाडी नसेल तर १०८ ला फोन करेल.

लपवण्याची किंमत नोकरीतही मोजावी लागते. कायद्यात गर्भपातानंतर सहा आठवड्यांच्या पगारी रजेची तरतूद आहे. मी चार दिवस ‘पोट बिघडलंय’ म्हणून रजा टाकली आणि पाचव्या दिवशी मीटिंगला बसले. कलम मला नंतर कळलं. कळलं असतं तरी, दिवस गेल्याचंच सांगितलं नव्हतं तर ते गेल्याचं कुठल्या तोंडानं सांगणार होते?

आणि शब्दही धड नाही. आपण ‘गर्भपात’ म्हणतो, मग तो झालेला असो की केलेला. जुन्या आयुर्वेदात चौथ्या महिन्यापर्यंतचा तो गर्भस्राव आणि पाचव्या-सहाव्यातला गर्भपात, असा भेद आहे. धर्मशास्त्रानं त्याच्या अशौचाचेही नियम केले. म्हणजे विटाळ मोजण्यापुरतं हे सगळं आपल्याला नीट बोलता येत होतं.

गेल्या महिन्यात नणंदेचा फोन आला. “वैनी, पाळी चुकली हा. आवशीक सांगू नको.” मी आनंदानं ओरडले, आणि मग विचारलं : रक्तगट कोणता, सोनोग्राफी कुठे होते, रात्री गाडी कोण काढेल? ती म्हणाली, “असला अभद्र काय बोलतंस?” मी खांद्याच्या दुखण्यापर्यंत सगळी यादी वाचून दाखवली. थोडा वेळ पलीकडून काहीच ऐकू आलं नाही. मग ती म्हणाली, “थांब, पेन घेतंय.”