कुबड्या नकोत
बेळगावात शहापूरच्या खडेबाजारात दुकानदार गिऱ्हाईक बघून मराठीतून कन्नडात शिरतो. अशा गावच्या पोरांना जपानीची धास्ती कसली? फक्त रोमन लिपीच्या कुबड्या घेऊ नका, पहिल्या दिवसापासून हिरागाना ही जपानी लिपी गिरवा. मूळ अक्षरं 46. क्रम आ, इ, उ, ए, ओ, मग का, सा, ता, ना. बौद्ध भिक्खूंच्या संस्कृत अभ्यासातून तो तिकडे रुजला, म्हणून आपल्या वर्णमालेच्या वळणाचा. क्रियापदही शेवटीच, मराठी-कन्नडवाल्याला वाक्य उलटंपालटं करावं लागत नाही. घोडं अडतं ते कांजीपाशी, म्हणजे चिनीतून आलेल्या अक्षरांपाशी. तिथे घोकंपट्टीला पर्याय नाही. जेएलपीटी या जपानी भाषेच्या परीक्षेची एन5 ही पहिली पायरी पुण्यात देता येते. तिच्यात बोलण्याची परीक्षाच नाही, हे मात्र मला खटकतं.