गाठ दुखत नाही, म्हणून गप्प बसू नका

वस्तीत फिरताना आम्हाला एक वाक्य सारखं ऐकू येतं, "ताई, छातीत गाठ आहे, पण दुखत नाही." दुखत नाही म्हणजे काळजी नाही, असं धरून बाई घरात राहते. आमच्या मते हीच समजूत आपल्या बायकांचा घात करते. स्तनाच्या कॅन्सरची गाठ सुरुवातीला बहुधा दुखतच नाही.

गाठ म्हणजे कॅन्सरच, ही भीतीही खोटी आहे. बहुतेक गाठी साध्या असतात. १५ ते ३५ वयात रबरासारखी, बोटाखालून निसटणारी गाठ आढळते, तिला फायब्रोअ‍ॅडिनोमा म्हणतात. ३५ ते ५० वयात पाण्याने भरलेली गाठ होते, ती पाळीच्या आधी ठणकू शकते. अंगावर पाजणाऱ्या आईचा स्तन लाल, गरम झाला आणि ताप आला तर आत पू झालेला असू शकतो. तेव्हा लेप लावत बसू नका, दवाखाना गाठा.

टणक, खडबडीत, जागची न हलणारी गाठ, संत्र्याच्या सालीसारखी झालेली कातडी, नव्याने आत ओढलं गेलेलं बोंड, त्यातून रक्त, काखेत गाठ, ही धोक्याची लक्षणं. पण कॅन्सरच्या काही गाठी गुळगुळीतही असतात. म्हणून नुसत्या बोटाने निकाल शेजारणीने देऊ नये आणि नर्सिंग शिकलेल्या आम्हीही देऊ नये. डॉक्टरांची तपासणी, वयाप्रमाणे सोनोग्राफी किंवा मॅमोग्राफी आणि गरज पडल्यास सुईने तुकडा काढून तपासणी, यातूनच खरं कळतं. सुई टोचली की कॅन्सर पसरतो, ही अफवा आहे. ऐकीव गोष्ट पारखल्याशिवाय मानू नका, असं तथागतांनी कालामांना सांगितलं. विहारात ते ऐकतो आणि घरी विसरतो, असं का?

टाटा मेमोरियलने १९९८ पासून मुंबईच्या गरीब वस्त्यांत प्रशिक्षित आरोग्यसेविकांकडून दर दोन वर्षांनी हाताने स्तनांची तपासणी करवली. वीस वर्षांनी दिसलं की पन्नाशीपुढच्या बायकांत या कॅन्सरचे मृत्यू जवळपास ३० टक्क्यांनी घटले. मोठं यंत्र नव्हतं, शिकवलेला हात होता.

तिशीपुढच्या बायकांची ही तपासणी सरकारी आरोग्य केंद्रात मोफत आहे, आशाताईंना विचारा. गाठ लागली असेल तर वय मोजू नका, त्याच आठवड्यात जा. उपचारासाठी महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजना आहे.

महिला मंडळांना आमचं सांगणं आहे की वर्षावासात ग्रंथवाचनाला बायका जमतातच. त्यातला एक दिवस आरोग्यसेविकेला बोलवा, विहारात पडदा लावा, तपासणी करून घ्या. एकटीला लाज वाटते, दहाजणी मिळून गेल्या की वाटत नाही.

जय भीम!