वेलदोड्याची बाटली

करंजीच्या सारणासाठी वेलदोडे सोलणे हे आमच्या घरी आईचे काम. यंदा सांधे धरल्यामुळे तिची बोटे वळेनात. तेव्हा हा मराठीचा मास्तर रसायनशास्त्रात शिरला आणि वेलदोड्याच्या तेलाची इवलीशी बाटली घेऊन आला. (खाण्याचेच तेल, तेवढे मी पाहून घेतले होते!)

सारणात चार थेंब टाकले. एकही पुष्कळ झाला असता. आईने चव घेतली. "ही करंजी की सर्दीवरचे औषध रे?"

तिचे नाक खोटे नव्हते. या तेलात सिनिओल भरपूर, आणि निलगिरीच्या तेलाचा मुख्य घटकही तोच. गोडसर वास येतो तो टर्पिनिल अ‍ॅसिटेटचा. तेल असते दाण्यांत. सालीत जवळजवळ नाहीच. शिवाय ते भुरकन उडते. म्हणून तर आई आदल्या दिवशी पूड करू देत नाही.

दुसऱ्या दिवशी नव्या सारणासाठी मीच सोलायला बसलो. आई शेजारी बसून साली चहाच्या डब्यात टाकीत होती. कुटलेली पूड तिच्यापुढे धरली. तिने हुंगली.

"अजून जरा बारीक कर," ती म्हणाली.